माप, माया आणि कच्चा टाका
— ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. अंगाला नीट बसणारे कपडे घरच्या घरी शिवायला कसे शिकावे, हा तो विषय. ऊस विकास अधिकाऱ्याने शिवणकामावर लिहावे हे पाहून काही सभासद हसतील. खुशाल हसावे. पण लेख वाचून झाल्यावर अंक माजघरापर्यंत पोचवावा, एवढी विनंती. अंक सोप्यातल्या खुंटीवरच राहतो, आत येतच नाही, अशी भगिनींची तक्रार आमच्या कानावर आलेली आहे.

विषय सुचण्याचे कारण असे. लागण नोंदीच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो. सोप्यात बसतो, चहा होतो. बहुतेक घरांत कोपऱ्यात एक पायमशीन दिसते. कुणाचे आहेरात आलेले, कुणाचे योजनेतून मिळालेले. त्यावर जुन्या साडीचे पांघरूण आणि पांघरुणावर पोरांची दप्तरे, औषधांच्या बाटल्या, लाईट बिलांची पिशवी. ‘मशीन चालू आहे का?’ असे विचारले की ठरलेले उत्तर येते, ‘चालू हाय की. उसवलेलं शिवाय, उशीचा अभ्रा शिवाय. ब्लाऊज तेवढा जमत न्हाई बघा, तो बाहेरच टाकतो.’

वास्तविक कापडाच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे त्या गावाचे नाव देशभर झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडाची गिरणी उभी केली. ती गिरणी आता बंद आहे, पण यंत्रमागांचा खडखडाट आजही आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वसवलेली गांधीनगरची कापडपेठ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे कापड दारात, मशीन घरात आणि हाताला कामाची सवयही आहे. अडते ते बेतण्यावर. कापड कुठे आणि किती कापायचे, इथे हात थांबतो.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या घरीही हेच होते. आमच्या सौ.चे मशीन त्यांच्या माहेरचे. लग्नात आले आणि चौदा वर्षे झाकून राहिले. मधल्या काळात आमच्या भाचीचे लग्न ठरले. सौ.नी एक चांगली साडी घेतली आणि ब्लाऊज बाहेर शिवायला टाकला. तो मिळाला हळदीच्या आदल्या दिवशी, रात्री नऊला. घालून पाहिला तर हुक लागेना. उसवून थोडा मोठा करावा म्हणून आतून पाहिले, तर शिवणीच्या आत कापडच ठेवलेले नव्हते. पाव इंचावर कात्री फिरवून टाकलेली. दुसऱ्या दिवशी सौ. जुन्याच ब्लाऊजवर कार्याला उभ्या राहिल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. पण परत आल्यावर पहिल्यांदा त्यांनी मशीनवरचे पांघरूण काढले, हे आम्ही पाहिले.

पहिला ब्लाऊज त्यांनी जुना ब्लाऊज कापडावर ठेवून, त्याच्या कडेने खडू ओढून कापला. शिवून झाला. उभे राहिले की ठीक दिसे. हात वर केला की सगळा ब्लाऊज वर चढे, आणि काखेत काचे. आता आम्ही पदविकाधारक. शिक्षणात जमिनीची मोजणी शिकलेलो, आयुष्यभर टेप हातात. आम्ही न विचारता सल्ला दिला, ‘काखेत काचतोय ना? मग मुंढा अर्धा इंच खाली खोल करा.’ सौ.नी केला. ब्लाऊज पहिल्यापेक्षा जास्त वर चढू लागला. आम्ही म्हणालो, आणखी अर्धा इंच. तोही केला, आणि ब्लाऊज वाया गेला. त्यानंतर चार दिवस आमच्याशी बोलणे जेवढ्यास तेवढे होते.

शेवटी तो ब्लाऊज पिशवीत घालून आम्ही पेठेतल्या एका जुन्या शिंपीमामांकडे गेलो. त्यांनी तो उलटा केला, मुंढ्यात चार बोटे घालून पाहिली आणि विचारले, ‘ह्यो खोल कुणी केला?’ आम्ही गप्प. मग त्यांनी आम्हाला जे सांगितले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. ‘सायेब, सरी किती फुटाची काढायची ते तुमी सांगा. मुंडा किती घ्यायचा ते आमाला सांगू द्या.’

त्यांनी समजावले ते असे. मुंढा काखेपासून जितका खाली जाईल, तितकी बाही अंगाच्या बाजूच्या शिवणीला खाली जाऊन जोडली जाते. मग हात वर केला की बाही ती शिवण ओढते आणि ब्लाऊज वर चढतो. मुंढा काखेच्या जवळ ठेवला, एका बोटाची जागा सोडून, तर हात खांद्यातून मोकळा फिरतो आणि अंगातले कापड जागेवर राहते. काचत असेल तर समोरच्या बाजूची गोलाई किंचित आत घ्यावी, सगळा मुंढा खाली नेऊ नये. आम्ही अगदी उलटे सांगितले होते. मामांनी काखेत चौकोनी तुकडा जोडून तो ब्लाऊज घालण्यासारखा करून दिला. जुन्या पद्धतीच्या कुडत्याला काखेत असा तुकडा असतो, तो का असतो हेही त्या दिवशी कळले.

चोळीची गाठ आणि ब्लाऊजचा हुक

घरी आल्यावर आमच्या मातोश्रींनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्यांच्या सासूबाई खणाची चोळी घरीच शिवत. मशीन नव्हते, टेप नव्हती. सुई, दोरा आणि बोटांची वीत. खण गुळेदगुड्डचा, पन्ह्याला अरुंद. त्यातून एक चिंधी वाया न घालवता चोळी बेतायची. आणि ती बसायचीही. कशी बसायची? तर तिला पुढे गाठ असे. अंग थोडे भरले, बाळंतपण झाले, दुष्काळात वाळले, तरी गाठ सैल किंवा घट्ट करून चोळी सांभाळून घेई. आताच्या ब्लाऊजला हुक असतात, आणि हुक जिथे लावला तिथेच लागतो. त्यामुळे पूर्वी गाठ जे काम करी ते आता मापाला करावे लागते. माप चुकले तर सांभाळून घेणारे काही राहिलेले नाही.

म्हणून आम्ही आणि सौ.नी मिळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामांकडे चार-पाच वेळा जाऊन आलो. जे शिकलो ते क्रमाने देत आहोत.

माप

१) प्रथम टेप तपासावी. प्लॅस्टिकची टेप वापरून वापरून ताणते. अंग अशा टेपने मोजले आणि कापडावर लोखंडी पट्टीने आखले, तर कपडा घट्ट होतो. दोन्ही कामांना एकच टेप वापरावी, आणि ती पट्टीशी जुळते का ते अधूनमधून पाहावे.

२) स्वतःचे माप स्वतः घेऊ नये. हात वर गेला, मान वाकली की माप बदलते. दोघींनी एकमेकींची मापे घ्यावीत. श्वास रोखू नये, पोट आत ओढू नये, नेहमी उभे राहतो तसे उभे राहावे.

३) नुसत्या छातीच्या मापावर कापू नये. पुष्कळ ठिकाणी छातीचा सहावा भाग म्हणजे मुंढ्याची खोली असा हिशेब धरतात. ३६ छातीला ६ इंच हे बऱ्याच जणींना जुळते. पण त्याच हिशेबाने ३० ला ५ आणि ४२ ला ७ इंच येतात, आणि तिथे घोटाळा होतो. छाती भरली म्हणून खांदा आणि हात त्याच प्रमाणात वाढत नाहीत. शेजाऱ्याच्या शेतात जे खत पडले तेच आपण माती परीक्षण न करता टाकतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा पुढील मापे प्रत्यक्ष घ्यावीत: काखेखालून वरची छाती, पूर्ण छाती, छातीखालचा घेर, कंबर, खांदा, पाठीची रुंदी, खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचे अंतर, दोन टोकांमधले अंतर, पुढची उंची, मागची उंची, मुंढ्याचा घेर, बाहीची लांबी आणि दंडघेर.

४) पुढची आणि मागची उंची वेगवेगळी मोजावी. पुढे छातीवरून टेप जाते, त्यामुळे पुढची उंची बहुधा जास्त भरते. दोन्ही सारख्या धरल्या की ब्लाऊज पुढून उचलला जातो.

५) वरची छाती आणि पूर्ण छाती यांत जितका फरक जास्त, तितके टक्स खोल लागतात. हा फरक न पाहता नुसती बाजूची शिवण सैल केली तर पाठीत फुगा येतो आणि पुढची ओढ तशीच राहते.

६) अंगाच्या मापात सैलपणा मिळवावा. रोजच्या ब्लाऊजला छातीत एकूण दीड ते दोन इंच, कमीजला तीन-चार इंच, शर्टाला चार किंवा जास्त. रानात काम करणाऱ्या भगिनींनी यात काटकसर करू नये.

माया

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. लग्नातल्या त्या ब्लाऊजला मायाच नव्हती. बाजूच्या शिवणीला एक ते दीड इंच, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच, गळ्याला पाव इंच माया सोडावी. वाढत्या मुलांच्या कपड्यांना याहून जास्त, आणि खालच्या दुमडीत दोन इंच. दिवाळीचा फ्रॉक मग पुढच्या दिवाळीलाही चालतो.

माया सोडायची तर कापड आधी नीट हवे. सुती कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. आटायचे ते आधीच आटून जाते. न भिजवता शिवलेला कपडा पहिल्या धुण्याला दगा देतो. कापडाचा उभा धागा किनारीच्या दिशेने जातो. अंगाची उंची या उभ्या धाग्यावरच ठेवावी. कापड वाचवण्यासाठी तुकडा तिरपा ठेवला तर तो भाग ओघळतो. तिरपे कापड फक्त गळ्याच्या उरेब पट्टीला घ्यावे, कारण तिला गोलाईत वळायचे असते.

आणि थेट कापडावर खडू चालवू नये. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर आखावे, कागद कापावा, तो अंगाला लावून पाहावा. कागद चुकला तर रद्दी गेली. कागद जमला की तो जपून ठेवावा, त्यावर नाव आणि तारीख लिहावी. दरवर्षी एकदा मापे पुन्हा घ्यावीत. अंग बदलते, जुना कागद बदलत नाही.

कच्चा टाका

आमच्या मते सगळ्या शिकवणुकीत हाच भाग महत्त्वाचा, आणि घाईत हाच गाळला जातो. पहिला ब्लाऊज जुन्या चादरीचा किंवा धोतराचा कापावा. हाताने लांब-लांब धावदोरा घालून तो उभा करावा. टीप मारू नये. अंगात घालावा आणि आरशासमोर नुसते उभे राहू नये. भांगलणीला वाकल्यासारखे वाकावे. वैरणीचा भारा डोक्यावर धरल्यासारखे दोन्ही हात वर न्यावेत. धार काढायला बसल्यासारखे बसावे. मग कपड्यावर सुरकुत्या कुठे पडतात ते दुसरीने पाहावे.

सुरकुती दोष कुठे आहे ते दाखवते. छातीच्या टोकाकडून काखेकडे तिरपी ओढ दिसली तर छातीवर कापड कमी आहे, टक्स वाढवून पुढचा भाग मोठा घ्यावा. पाठीत मानेखाली आडवी घडी पडली तर खांद्याचा उतार जुळलेला नाही, खांद्याची शिवण उसवून कापड बसेल तशी पुन्हा धरावी. गळा पुढे उघडा पडतो आणि खांदा उतरतो, तेव्हा गळ्याची रुंदी जास्त झालेली असते. बाहीत वेटोळे पडले तर बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर आलेला नाही. आणि हात वर नेल्यावर सगळेच वर चढले, तर मुंढा खाली गेला आहे. तो खोल करण्याचा सल्ला कुणी दिला तर आमची आठवण ठेवावी.

एका वेळी एकच दोष दुरुस्त करावा. एक सुधारला की पुष्कळदा दुसरा आपोआप जातो. सगळे जुळले की कच्चा टाका उसवून, ते तुकडे कागदावर ठेवून कागद सुधारावा, आणि मग चांगल्या कापडाला कात्री लावावी. सौ.ना पहिल्या खेपेस कच्चा टाका तीन वेळा घालावा लागला. दुसऱ्या ब्लाऊजला एकदाच.

मशीनविषयी थोडेसे

बंद पडलेले मशीन बहुधा बिघडलेले नसते, सुकलेले असते. धूळ-दोरे काढून मशीनचे तेल घालावे, रिकामे चालवावे, नंतर चिंधीवर चालवून जादा तेल जाऊ द्यावे. सुई नवी घालावी. नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबर, जाडाला १६, पातळ रेशमाला ११. टाका इंचाला दहा ते बारा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली तर बॉबिनला हात लावण्याआधी वरचा दोरा नीट ओवला आहे का आणि त्याचा ताण पुरेसा आहे का ते पाहावे. प्रत्येक शिवणीवर टीप मारल्यावर लगेच इस्त्री फिरवावी. घरचा कपडा आणि दुकानचा कपडा यांतला निम्मा फरक इस्त्रीचा असतो, असे मामा म्हणतात.

शिकावे कोठे?

हा काही नवा नाद नाही. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी जे वर्ग चालवले, त्यांत शिवण होते. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी आपले मत सांगताना शिलाई मशीनचा मात्र अपवाद केला होता.

आज शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये साधारण महिनाभराचे शिवण प्रशिक्षण विनामूल्य असते. जे आधीपासून शिवणकामावर कमाई करतात त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यातील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. ‘मोफत शिलाई मशीन’ म्हणून मोबाईलवर जे निरोप फिरतात त्यांवर आधार क्रमांक किंवा पैसे देऊ नयेत. चौकशी ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीतच करावी.

मात्र यांतले काही जमले नाही तरी थांबून राहू नये. बचत गटाच्या एखाद्या बैठकीत दहा जणींनी फक्त एकमेकींची मापे घ्यावीत आणि कागद कापावेत, कापडाला हातही लावू नये. एवढ्यानेही निम्मे काम होते. सुरुवात परकर किंवा पोरांच्या चड्डीपासून करावी, नंतर कमीज, आणि ब्लाऊज शेवटी.

हिशेब ज्याचा त्याने करावा. घरात बायका-मुली किती, वर्षाला ब्लाऊज आणि ड्रेस किती, गावात शिलाईचा दर काय. आकडा काढला की तो एखाद्या खताच्या हप्त्याएवढा भरतो. पण पैशाखेरीज दुसरीही एक गोष्ट आहे. दिवसभर पाठ वाकवून पाला काढणारी, वैरण वाहणारी बाई काखेत काचणारा कपडा घालून काम करते आणि ‘आपलं अंगच तसलं’ असे म्हणून सोडून देते. अंगात काही दोष नसतो. कपडा दुसऱ्याच्या मापाचा असतो.

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. तिच्याकडे बारसे आहे, आणि तिचा ब्लाऊज वहिनींनीच शिवावा असा तिचा आग्रह आहे. सौ.नी तिला बोलावून घेतले, मापे घेतली, कच्चा टाका घातला. आम्ही टेप धरायला पुढे झालो तेव्हा आम्हाला सांगण्यात आले, ‘अहो, तुम्ही वही घ्या आणि आकडे तेवढे लिहा.’ आम्ही लिहिले. बाजूच्या शिवणीला माया दीड इंच, असेही खाली लिहून ठेवले.

तरी सर्व सभासद बंधूंनी हा अंक आत पोचवावा आणि भगिनींनी मशीनवरचे पांघरूण काढावे. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापनाची माहिती देऊ.

कळावे.